शिंप्याच्या टेबलावरचे कॉम्प्युटर

शाळेच्या हजेरीपटावर तिचं एक छान, भारदस्त नाव होतं, पण ते हजेरी घेणाऱ्या शिक्षिकेखेरीज कुणाच्या तोंडी नसे. बाकी सगळी गल्ली तिला पक्कड म्हणायची. रांगत्या वयात तिने एकदा बाबांची मापं घ्यायची टेप मुठीत धरली, ती दूध दाखवलं तरी सोडली नाही आणि खुळखुळा वाजवला तरी सोडली नाही. शेवटी आई वैतागून म्हणाली, "ही पोर आहे की पक्कड?" ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाबा शिंपी होते. रस्त्याला लागून एक लांबट खोली, तिच्यात पुढे गिऱ्हाइकांचा बाक, मधे पायाने चालवायचं शिलाई मशीन आणि मागच्या भिंतीला लागून दोन टेबलं. एकावर कापड बेतायचं, दुसऱ्यावर इस्त्री करायची आणि अस्तरांचे तुकडे, खांद्याचे पॅड, खडू असला सटरफटर माल टाकायचा. टेबलांच्या वर पोटमाळा होता, तिथे पक्कड झोपायची. मागे स्वयंपाकघर. त्याच्या दारात बसून आई काजं-बटणं करायची आणि तिथूनच दुकानातल्या प्रत्येक संभाषणात भाग घ्यायची.

पक्कड चौदा वर्षांची असताना कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला एक कचेरीतले साहेब आले. बाही टाचून घेताना बोलता बोलता ते म्हणाले, की आमच्याकडे जुने कॉम्प्युटर बंद पडून पडलेत, भंगारात जायचेत. पक्कड पोटमाळ्यावरून सरळ शिडीवर आली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती बाबांची सायकल हातात धरून ढकलत आणत होती आणि कॅरियरवर सुतळीने बांधलेला एक डबा होता.

"हे काय आणलंस?" बाबांनी विचारलं.

"कॉम्प्युटर."

"चालतो?"

"नाही."

"मग आणलास कशाला?"

"चालत नाही म्हणूनच तर मिळाला, बाबा."

"ऐकलंत?" आई दारातून म्हणाली. "आता आपल्याकडे न चालणाऱ्या वस्तू दोन झाल्या. एक तुमचा रेडिओ आणि एक हा."

तो एकटा काही चालला नाही. पण पक्कडने आणखी एक आणला, मग आणखी. एकाचा पॉवर सप्लाय, दुसऱ्याचा मदरबोर्ड, तिसऱ्याची हार्ड डिस्क असं करत, वाचनालयातलं एक जाड पुस्तक उशाला घेऊन, बरेच महिने ती इस्त्रीच्या टेबलाला चिकटून होती. अखेर एका संध्याकाळी पडद्यावर अक्षरं उमटली. त्या पहिल्या कॉम्प्युटरची एक बाजू पिवळी, एक राखाडी आणि तोंड भलत्याच कंपनीचं होतं. पण तो चालला. पक्कडने तो पोटमाळ्यावर नेला आणि कुणाला विकला नाही.

दुसरा विकला. तो कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने घेतला. मग एकाने दुसऱ्याला सांगितलं, आणि सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सुटल्यावर कॉम्प्युटर जोडून विकणं हा पक्कडचा छंद राहिला नाही, ध्यास झाला. काम करायची तिची स्वतःची पद्धत होती. सगळे भाग बसवून झाले की ती डब्याचं झाकण लावायची नाही. दोन दिवस तो तसाच उघडा, टेबलावर, ती घरी असेल तेवढा वेळ चालू ठेवायचा आणि अधूनमधून आत उपडा हात धरून बघायचं, आई तापल्या कपाळाला लावते तसा. कुठला भाग जास्त गरम होतोय, कुठला पंखा कुरकुरतोय हे त्या दोन दिवसांत कळतं. मग झाकण, मग स्क्रू, मग गिऱ्हाईक. स्वेटर घालून ती टेबलाशी कधी जायची नाही आणि आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला बोट लावायची. अंगातली स्थिर वीज मेमरीच्या पट्टीत उतरली तर ठिणगीसुद्धा न दिसता ती पट्टी निकामी होते, हे तिने पुस्तकात वाचलं होतं.

बाबांचं या सगळ्यावर मत असं नव्हतंच. टेबल अडलंय एवढंच त्यांना दिसायचं. "माझी इस्त्री आता काय डोक्यावर ठेवू?" असं दिवसातून एकदा म्हणायचं आणि इस्त्री खिडकीच्या कट्ट्यावर न्यायची. पण एक दिवस औषधवाला पँट शिवायला आला आणि भरल्या दुकानात म्हणाला, "मास्तर, तुमच्या लेकीने दिलेलं मशीन एकदासुद्धा रुसलं नाही हो. तुमच्या शिलाईसारखंच काम." बाबांनी मान वर केली नाही, पण त्या दिवशी पँटची कंबर त्यांनी दोनदा मोजली आणि दोनदा वेगवेगळी लिहिली.

त्यानंतर थंडी पडली, हवा कोरडी झाली, आणि पक्कडचे दिवस फिरले.

शेजारच्या गल्लीतल्या हिशेबनीसाला दिलेला कॉम्प्युटर तीन आठवड्यांत बंद पडून परत आला. मेमरी गेली होती. तिने दुसरी टाकून दिली. मग छापखान्यात दिलेला परत आला. त्याचा मदरबोर्डच गेला होता. दोन्ही इथून जाताना ठणठणीत होते. पक्कडने विजेची तार बदलली, पॉवर सप्लाय बदलला, जुने भाग घेणं बंद करून मेमरी नवी घेतली, सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. काही म्हणता काही सापडेना.

नेमका याच वेळी तिने टायपिंगच्या बाईंना शब्द दिला होता.

बाईंचा टायपिंगचा क्लास नाक्यावर वरच्या मजल्यावर होता. त्या खोलीत जन्मभर टाइपरायटर खडखडत आले होते, पण आता परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायची होती आणि मुली दुसऱ्या क्लासला जायला लागल्या होत्या. बाईंना खोलीभर कॉम्प्युटर हवे होते आणि मोठ्या दुकानाचा भाव परवडत नव्हता. त्यांनी पक्कडला समोर उभं करून चष्म्यावरून न्याहाळलं.

"वय काय तुझं?"

"सोळा."

"माझ्याकडे या वयाच्या मुलींना 'अ' कुठे आहे ते दाखवावं लागतं. हे बघ, आधी एक दे. नवी बॅच सोमवारी सकाळी सुरू होते, तेव्हा तो या टेबलावर हवा. महिनाभर चालला तर बाकीचे तुझ्याकडून. सोमवार म्हणजे सोमवार. माझ्या क्लासात खोडरबर नाही. चुकलं की पान फाडायचं आणि पहिल्यापासून."

छापखान्याचा कॉम्प्युटर परत आला त्या दिवशी बाबांनीही आपलं म्हणणं मांडलं. ते रागावले नव्हते, म्हणून जास्त जड गेलं.

"शाळांच्या गणवेशांचं काम तोंडावर आलंय. मला दुसरं टेबल लागणार. बाईंचा डबा चालला तर बघू, मी करीन काहीतरी. पण तो परत आला तर टेबल कापडाला द्यायचं आणि हे सगळं बंद. कबूल?"

पक्कडने मान हलवली. टेबल गेलं की सगळंच गेलं. पोटमाळ्यावर धड बसता येत नव्हतं आणि स्वयंपाकघरात आई ताटसुद्धा आडवं ठेवू द्यायची नाही.

बाईंचा कॉम्प्युटर तिने जिवापाड जपून जोडला. शनिवारी तो उघडा चालू केला, कुठे काही तक्रार नव्हती. रविवारी तिला बारीक ताप होता, म्हणून आईने सकाळी उठू दिलं नाही. नाहीतर एरवी या वेळी ती शाळेत नाहीतर भंगारवाल्याकडे असायची. ती पोटमाळ्यावर पालथी पडून कठड्याच्या फटीतून खाली बघत होती. बाबांनी दुकान उघडलं, झाडलं. शिवून टांगलेले कोट एकेक करून खाली घेतले आणि त्यांना ब्रश मारायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू जायची ती स्वच्छच गेली पाहिजे, दोऱ्याचा तुकडा दिसता कामा नये, हा त्यांचा नेम. नायलॉनच्या दातांचा लांब ब्रश, लोकरीच्या कोटावरून वरून खाली, वरून खाली. ते काहीतरी गुणगुणतही होते.

शेवटचा कोट झाला. बाबांनी इकडेतिकडे बघितलं, टेबलाजवळ गेले, आणि त्याच ब्रशने उघड्या कॉम्प्युटरच्या आतली धूळ झाडायला लागले. अगदी हलक्या हाताने. लहान मुलाच्या कानामागचा मळ पुसावा तसं.

पक्कड बघतच राहिली. टेबलावर दोऱ्यांचे बारीक तुकडे पडले होते. ब्रश जवळ आला की ते आपणहून उभे राहायचे आणि उडी मारून त्याला चिकटायचे.

"बाबा! हात लावू नका!"

ती शिडीवरून उतरली की पडली हे तिचं तिलाच कळलं नाही. बाबा ब्रश तसाच धरून उभे होते.

"अगं, काय झालं? धूळ झाडतोय."

"रोज झाडता?"

"म्हणजे काय! आपल्या दुकानातून जाणारी वस्तू. औषधवाला बोलला त्या दिवसापासून एकही डबा मी ब्रश न मारता जाऊ दिलेला नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मग तिच्या तोंडाकडे बघून विझला. "का गं?"

तिने सांगितलं. लोकरीवर घासलेल्या ब्रशात वीज साठते, हवा कोरडी असली की जास्तच साठते, आणि ती आतल्या भागांत उतरते. स्वतःच्या हाताची तिने एवढी काळजी घेतली होती, दुसरा कुणाचा हात आत जाईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"म्हणजे हिशेबनीसाचा मी मारला," बाबा सावकाश म्हणाले. "आणि छापखान्याचा. असंच ना?"

"मी तसं म्हणत नाहीये."

"मग कसं म्हणतेस?"

बाबांनी ब्रश खुंटीला टांगला आणि ते शिलाई मशीनवर जाऊन बसले. पायाखालचं फळकूट असं दणदण चालायला लागलं की आई हातातली बटणं घेऊन बाहेर आली.

"आधी चालू करून बघ तरी," ती म्हणाली. "मेलाच असेल तर रडायला सगळा दिवस आहे."

पक्कडने बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर अक्षरं आली. तिने सगळ्या तपासण्या केल्या. एकही चूक निघाली नाही.

"बघा!" शिलाई मशीन थांबलं. "चालतोय! उगाच घर डोक्यावर घेतलं. ब्रशने कधी कुणी मेलंय?"

"तेही दोन्ही इथून जाताना चालत होते, बाबा. घाव लगेच दिसत नाही. आठवड्याने, महिन्याने कधीतरी बंद पडतो. नाहीतर पडतही नाही. सांगता येत नाही."

"सांगता येत नाही तर देऊन टाक," आई म्हणाली. "उद्या सोमवार. बंद पडला तर टेबल जाईल, पण नेलाच नाहीस तर उद्याच जाईल."

"असा मी देणार नाही."

"पण का? चालतोय ना!" बाबांचा आवाज चढला. त्यांना तो कॉम्प्युटर बाईंच्या टेबलावर धडधाकट बसलेला हवा होता. टेबलापेक्षाही, आता, आपला हात निर्दोष ठरायला हवा होता.

पक्कड म्हणाली, "बाबा, कापड आधी भिजवून आटवून न घेता पँट शिवली, तर पहिल्या दिवशी अंगावर बसते की नाही?"

"बसते की."

"छान बसते?"

"छानच बसते. पहिल्या धुण्यात—" बाबा थांबले. बेतायच्या टेबलाकडे, कॉम्प्युटरकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघितलं. "न आटवलेल्या कापडाची पँट दिलीय का गं मी कधी कुणाला?"

"नाही."

"घाई असली तरी?"

"घाई असली तरी नाही."

बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "मग आता दुसरा कुठून आणणार?"

"माझा देते. वरचा."

सोमवारी सकाळी दोघं निघाली. सायकलच्या कॅरियरवर पिवळा-राखाडी डबा, आणि बाबांच्या हातात चादरीत गुंडाळलेला मॉनिटर. जिना चढताना पक्कडचा श्वास फुलला होता, अंगात थोडी कणकण होती. बाईंच्या खोलीत मुली येऊन बसल्या होत्या. डबा टेबलावर ठेवल्यावर त्यांच्यात खसखस पिकली.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं. "कॉम्प्युटर की गोधडी?"

"गोधडीच आहे, बाई. पण हा दोन वर्षं चालतोय, एकदाही बंद पडला नाही. तुमच्यासाठी नवा जोडला होता. तो चालतोय, पण त्याची मला खात्री देता येत नाही."

"चालतोय आणि खात्री नाही? असं कसं? काय झालं त्याला?"

"माझ्या हातून एक चूक झाली."

"तिच्या हातून नाही," दारातून बाबा म्हणाले. मॉनिटर पोटाशी धरून ते तसेच उभे होते. मुलींच्या खोलीत आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "माझ्या हातून झाली. मी त्याला कपड्याचा ब्रश मारला. तिला ठाऊक नव्हतं. मला कळत नव्हतं."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"चूक कुणाची हे मला काय करायचंय?" त्या अखेर म्हणाल्या. "पान फाडलंत ना? मग पहिल्यापासून सुरू करा. आणि ते ओझं आधी खाली ठेवा, मास्तर, पडेल. महिना आजपासून धरायचा."

तो महिना पक्कडला फार लांब गेला. शाळेतून येताना ती रोज नाक्यावरून वाकडी वाट करून जायची आणि जिन्याखाली उभी राहून कान द्यायची. टाइपरायटरांच्या खडखडाटात कॉम्प्युटरचा आवाज काय येणार! पण कुणी ओरडत नाहीये एवढं तरी कळायचं. हिशेबनीसाकडे आणि छापखान्यात बाबा स्वतः जाऊन आले. तिथे ते काय बोलले हे त्यांनी घरी सांगितलं नाही. छापखान्याचा डबा तिने नव्या बोर्डावर उभा करून पोचता केला. कोरड्या हवेतच, पण या वेळी ब्रश न लागलेला. तो चालला. हिशेबनीसाचाही चालला.

बाईंसाठी केलेला तो नवा कॉम्प्युटर मात्र टेबलावरच राहिला. पक्कडने तो मुद्दाम चालू ठेवला, कधी बंद पडतो ते बघायला. आणि बाबा त्याच्याकडे रोज वेगळ्याच आशेने बघायचे. कापड बेतता बेतता मधेच कात्री ठेवून यायचे, पडद्यावर वाकायचे.

"आहे हो अजून," ते आईला सांगायचे.

"आजारी माणसाची चौकशी केल्यासारखं काय बघता रोज!" आई म्हणायची.

त्याला काही झालं नाही. आठवडे गेले, महिना गेला, काहीच झालं नाही. पुढे बाबा त्याच्यावर पत्ते खेळायला शिकले आणि वर्षानुवर्षं खेळत राहिले. डाव जिंकला की म्हणायचे, "बघ, माझा ब्रश लागलेला आहे!" पक्कड म्हणायची, "एखादं कापड आटत नाही, बाबा." पण तो तिने कधीही विकला नाही, आणि त्यानंतर तिच्या टेबलावरून गेलेला एकही डबा मेमरी जळून परत आला नाही.

महिना भरला त्या दुपारी दुकानात गणवेशाच्या कापडाचे तागे येऊन पडले होते. बाबांनी खूप दिवस वाट पाहिली होती, पण शाळा थांबणार नव्हत्या. पक्कडची हत्यारांची पेटी आणि तो चालता कॉम्प्युटर त्यांनी टेबलाच्या एका कोपऱ्यात सरकवून उरलेल्या भागावर निळं कापड पसरलं होतं आणि खडूने खुणा करायला घेतल्या होत्या. पक्कडने शाळेतून येऊन ते बघितलं. बाईंकडून अजून निरोप नव्हता.

तेवढ्यात बाईच आल्या. धापा टाकत, छत्री टेकत, गिऱ्हाइकांच्या बाकावर न बसता सरळ आत.

"ती गोधडी परत देणार नाही मी," त्या म्हणाल्या. "मुली तिच्यासाठी भांडतात. बाकीचे कधी देतेस? परीक्षेच्या आधी हवेत. पंधरा दिवसांत?"

पक्कडने मनात हिशेब केला. "पंधरा दिवसांत सगळे नाही होणार, बाई."

आईने सुई थांबवली. बाबांनी खडू.

"का नाही होणार?"

"प्रत्येक जण दोन दिवस उघडा चालवल्याशिवाय मी देत नाही. दोन-दोन करून देईन. महिना लागेल."

"अगं, मला घाई आहे!"

"कळतंय, बाई. पण दोन दिवस लागतातच."

बाईंनी बाबांकडे बघितलं, पोरीला जरा समजावा अशा नजरेने. बाबांनी पाठ फिरवली. टेबलावरचं निळं कापड त्यांनी टोकांनी धरून, खुणा पुसू न देता, अलगद उचललं. एक तागा काखेत मारला, कात्री दातांत धरायच्या बेतात होते ती आईने पुढे होऊन घेतली. मग त्यांनी दुकानाच्या भर मधे चटई टाकली, कापड तिच्यावर पसरलं आणि पाठीला हात लावत गुडघ्यांवर बसले.

"मी कापड आटवायला दोन दिवस मागतो तेव्हा गिऱ्हाईक थांबतंच ना," जमिनीकडे बघत ते म्हणाले. "आणि जरा बाजूने जा बाई, इथे माझं काम चालू आहे."

बाईंनी छत्री सावरली आणि भिंतीला धरून कडेकडेने दाराकडे निघाल्या. "पहिले दोन गुरुवारी," त्या जाता जाता म्हणाल्या.

"शुक्रवारी," पक्कड म्हणाली, आणि मोकळ्या टेबलावर पहिला रिकामा डबा उचलून ठेवला.